कोच टॉलिव्हरचे नव्वद दाणे

कोच टॉलिव्हरने मला एकदाही शिवी दिली नाही. माझी त्याच्याविषयी तक्रार एवढीच, आणि ती मी दोन वर्षं बाळगून आहे. त्याने माझं नाव घेतलं असतं तर त्याची सव्वीस वर्षांची नोकरी वाचली असती. नाव घ्यायला कारणही होतं. त्याने घेतलं नाही. मी भांडखोर माणूस आहे. माझ्याशी कुणी भांडलं की मला बरं वाटतं, हिशेब समोर येतो, दोन त्याने दिले, चार मी दिले, विषय संपला. या माणसाने विषय संपवू दिला नाही.

अर्ल टॉलिव्हर आमच्या गावातल्या छोट्या कॉलेजच्या बेसबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. गाव पेनसिल्व्हेनियातलं, स्टेट कॉलेज नावाच्या शहराहून तासाभरावर. इथे मराठी घरं तीन, त्यातलं एक आमचं. मी मूळचा नागपूरचा, इंदोऱ्यातला. आलो होतो कॉम्प्युटरच्या नोकरीवर. ती सुटली तेव्हा वंदना, माझी बायको, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती म्हणून आम्ही या देशात टिकलो. मी बंद पडायला आलेली एक लॉन्ड्री घासाघीस करून घेतली आणि ती चालवून दाखवली. कॉलेजच्या तळघरात पाणी शिरून त्यांची धुलाईची मशीनं गेली तेव्हा सगळ्या संघांचे कपडे माझ्याकडे यायला लागले. ते कामही मी भांडूनच मिळवलं होतं.

पहिल्याच महिन्यात माझं मोठं मशीन अडकलं. पंप उघडला तर आत फुगलेले घेवड्याचे दाणे. पिशवीवर बेसबॉल संघाची चिठ्ठी होती. मी ओंजळभर ओले दाणे घेऊन गाडी काढली आणि थेट मैदानावर गेलो. मार्च होता, कडेला बर्फाचे ढीग होते. साठीकडे झुकलेला एक उंच, वाकलेला माणूस एकटाच दाताळ्याने माती सारखी करत होता.

"हे कुणाचे?" मी लांबूनच ओरडलो.

त्याने टोपी काढली. जवळ येऊन ओंजळीत बघितलं. "माझे. किती सापडले?"

"किती काय किती! मशीन बंद पडलंय माझं!"

"मशीनचं मी बघतो. पण किती आहेत?"

"असतील सत्तर-ऐंशी."

"मग अजून काही आत आहेत," तो म्हणाला आणि दाताळं टेकवून माझ्याबरोबर निघाला. लॉन्ड्रीत जमिनीवर पालथं पडून, पंपात बोटं घालून, त्याने उरलेले दाणे काढले. काउंटरवर ओळीत मांडले. नव्वद भरले तेव्हा उभा राहिला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "आता बोला. तुम्ही ओरडत होता."

तोवर माझा राग निघून गेला होता. याचाही मला राग आला.

दाण्यांची गोष्ट अशी. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो पूर्ण ताकदीने, कोपराला झटका देऊन फेकतो, आणि फार फेकलं की कोपर जातं. कोच टॉलिव्हरचा नियम होता, एका सामन्यात एका पिचरने नव्वद चेंडू टाकायचे, एक जास्त नाही. बेसबॉलमध्ये प्रशिक्षकही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो. त्याच्या विजारीच्या मागच्या उजव्या खिशात नव्वद दाणे असायचे. प्रत्येक चेंडूला एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात. बघायचा नाही, बोटांनीच करायचा. उजवा खिसा रिकामा झाला की तो मैदानात चालत जायचा आणि पिचरच्या हातातून चेंडू काढून घ्यायचा. सामना कुठे आहे, कोण चिडलंय, कोण रडतंय, काही फरक पडायचा नाही. दाणे त्याच्या बायकोच्या, रूथच्या, परसातले होते. लालसर, अंगावर पांढरे ठिपके. रूथ गेल्यावर ते वेल कुणी लावले नाहीत. तेच नव्वद उरले होते.

मग आमची पद्धत ठरली. त्याच्या विजारीतले दाणे धुण्याआधी मी काढायचे, मोजायचे, आणि धुतलेल्या कपड्यांच्या हँगरला पिशवीत घालून अडकवायचे. वंदनाने जुन्या निळ्या ओढणीची एक छोटी पिशवी शिवून दिली. सामन्याच्या दिवशी तो ती पिशवी सरळ खिशात उलटी करायचा.

"तुम्ही मोजत नाही?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही मोजता ना? एक हरवला तर मी भांडेन, या भीतीने तुम्ही दोनदा मोजत असणार."

खरं होतं. मी तीनदा मोजत असे.

सामानाच्या खोलीचं दार तो एका चांदीच्या कपाने उघडं ठेवायचा. भला मोठा कप, दारात आडवा टाकलेला, पोचे आलेले. मी समजलो कुठल्यातरी हरलेल्या स्पर्धेचा असेल. एकदा वंदनाने आल्याचा चहा दिला होता, तो काउंटरवर कोपरं टेकून पीत होता, तेव्हा मी विचारलं.

"जिंकलेला आहे," तो म्हणाला. "इथल्या माझ्या तिसऱ्या वर्षी. डॅनी म्हणून पोरगा होता. मी त्याला शेवटपर्यंत टाकू दिलं. किती चेंडू झाले ते कुणी मोजलंसुद्धा नाही. सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं." चहाचा घोट घेतला. "डॅनी इथेच राहतो, पुलापलीकडे. मुलीची वेणी डाव्या हाताने घालतो. चांगली घालतो."

एवढंच. तो गोष्टी अर्ध्यात सोडायचा आणि चहाचा कप विसळून ठेवायचा.

चूक झाली की तो एकच शब्द बोलायचा, "पुढचा." कुणाच्या हातून झेल सुटला, "पुढचा." पंचाने वाईट निकाल दिला, "पुढचा." पंचाशी बोलायला जाताना टोपी काढून जायचा, त्यामुळे पंच जास्तच चिडायचे. प्रत्येक मुलाचं नाव त्याच्या आईच्या तोंडून ऐकून घ्यायचा. आमचा मुलगा सुमेध त्याच कॉलेजात शिकायचा. सगळं कॉलेज त्याला 'सू' म्हणायचं. कोच टॉलिव्हर आठवडाभर वंदनासमोर उभा राहून 'मेध' म्हणायला शिकला. वंदना हसून हसून दमली. "काय गोड आहेत हो ते म्हातारे," म्हणाली.

आणि खुर्च्या. सप्टेंबरात संघाची निवड व्हायची. ज्याला घ्यायचं नाही त्याला इतर प्रशिक्षक यादी लावून कळवतात. हा दोन घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानाच्या अगदी मध्ये जायचा, जिथे कुणाला ऐकू जाणार नाही, आणि एकेका मुलाला बोलवायचा. मैदानात खुर्च्या दिसल्या की मुलं बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसायची. पण यादीत नाव नाही म्हणून पाठ फिरवून रडायची वेळ त्याने कुणावर आणली नाही. समोर बसायचा, का ते सांगायचा, मूल जेवढा वेळ बसेल तेवढा वेळ बसायचा.

सुमेध पहिल्या वर्षी त्या खुर्चीवर बसला. घरी आला, म्हणाला, "डॅड, आय ॲम कट." मी तसाच निघालो. सुमेध मागून ओरडत होता, "डॅड, प्लीज, डोन्ट!" मैदानावर पोचलो तर कोच खुर्च्या मिटत होता.

"माझ्या पोराला का काढलं?"

"त्याला अजून चेंडू टाकता येत नाही, नुसता फेकता येतो. त्याला सांगितलंय काय करायचं ते." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "उघडू का परत? बसता?"

मी बसलो नाही. पण सुमेधने वर्षभर कोचने सांगितलं तेच केलं, आणि दुसऱ्या वर्षी संघात आला. तिसऱ्या वर्षी तो संघाचा मुख्य पिचर होता.

त्याच वर्षी काइल नावाचा मदतनीस प्रशिक्षक आला, टॅब्लेटवर चेंडू मोजायचा. एका सामन्यात टॅब्लेट म्हणाला नव्वद, खिशात सहा दाणे शिल्लक. कोचने पिचरला ठेवलं. नंतर सगळ्यांनी सामन्याचं चित्रीकरण पाहून मोजलं. दाणे बरोबर होते, काइलचं बोट सहा वेळा दोनदा पडलं होतं. पोरं काइलला महिनाभर 'ट्वाइस' म्हणत होती. कोच हसला नाही, पण त्यानंतर त्याने टॅब्लेटकडे बघणंच सोडलं.

त्या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला. तो जिंकणं कोचला गरजेचंच होतं. आधीची चार वर्षं संघ हरत होता, आणि क्रीडा विभागाच्या डायरेक्टर बाईंना कोच बदलायचा होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि अंतिम सामन्याला एका व्यावसायिक संघाचा माणूस येणार होता, खास सुमेधला बघायला. सुमेध झोपेतसुद्धा हात फिरवत होता, असं वंदना म्हणाली. त्या लहानशा कॉलेजात असा माणूस पुन्हा कधी येणार नव्हता.

मी काउंटरवर कोचला गाठलं.

"परवा शंभर करा."

"नव्वद."

"पंच्याण्णव."

"नव्वद, मिस्टर मेश्राम."

"फक्त एक दिवस. तो माणूस बघतोय. सामना आठव्या-नवव्या डावात रंगतो, आणि तुम्ही पोराला सातव्यातच बाहेर काढणार!"

तो हसला. "धुलाईच्या दरात तुम्ही मला दोनदा हरवलंत. पण इथला दुकानदार मी आहे." कपड्यांची पावती खिशात घालून गेला.

आयुष्यात मला जे मिळालं ते नाही म्हणणाऱ्याकडून मिळालं आहे. नाही म्हणजे अजून सौदा सुरू आहे, असंच मी धरत आलो. शुक्रवारी दुपारी मी त्याचा गणवेश इस्त्री केला, दाणे मोजले, निळ्या पिशवीत घातले. मग घरून आणलेल्या राजम्याच्या पुडीतले पंधरा दाणे निवडले, त्याच आकाराचे, आणि त्यात मिसळले. लाल राजम्यावर ठिपके नसतात, पण तो बघत नव्हता, बोटांनीच करत होता. आणि सामन्यानंतर विजार परत माझ्याकडेच येणार होती. पंधरा काढून घ्यायचे की झालं. माझ्या हिशेबात कुठे भोक नव्हतं.

शनिवारी थंडी होती. मी जाळीमागे बसलो आणि मनात मोजत राहिलो. सुमेध असा टाकत होता की माझ्या शेजारचा अनोळखी म्हातारा उठून उठून टाळ्या वाजवत होता. आठव्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो.

नव्वद झाले. काइल टॅब्लेट घेऊन कोचपाशी गेला. त्यांचं बोलणं मला दहा फुटांवरून ऐकू आलं.

"कोच, नव्वद."

कोचने मागच्या खिशात हात घातला. बराच वेळ हात आत होता. सुमेधकडे बघितलं. पुन्हा खिसा चाचपला.

"पुन्हा दोनदा दाबलं असशील," तो म्हणाला.

तो व्यावसायिक संघाचा माणूस वहीत लिहीत होता. एक्क्याण्णव, ब्याण्णव. मला आनंद होत होता. खोटं कशाला सांगू.

एकशे एकावा चेंडू टाकल्यावर सुमेधने हात खाली सोडला. ओरडला वगैरे नाही. दुसऱ्या हातातला ग्लोव्ह काढून त्याने जमिनीवर ठेवला, सावकाश, चष्मा ठेवावा तसा. कोच धावत नसे, त्या दिवशी धावला. सुमेधला धरून बाहेर आणलं, गाडीत बसवलं, आणि मग सवयीने खिशात हात घालून उरलेले दाणे बाहेर काढले. तळहातावर बघत उभा राहिला. मी जाळीमागून सगळं बघत होतो.

हॉस्पिटलात तो गणवेशातच आला. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर मी त्याच्या अंगावर गेलो.

"नव्वद म्हणाला होतात! माझ्या तोंडावर नव्वद म्हणाला होतात!"

वंदनाने मला मागे ओढलं. मी नाटक करत नव्हतो. राग आला की मला स्वतःचं काही आठवत नाही, समोरचाच दिसतो. आणि समोर तो होता, एक मूठ खिशात घट्ट धरून.

"हो," तो म्हणाला. "म्हणालो होतो."

रात्री घरी जाताना गाडीत मला ते पंधरा दाणे आठवले. विजार धुवायला आली नाही, कधीच आली नाही.

सुमेधच्या कोपरातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, असं कधीही होऊ शकतं, चाळिसाव्या चेंडूलाही झालं असतं. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

दोन आठवड्यांनी डायरेक्टर बाईंनी बैठक बोलावली. लांब टेबल, एका बाजूला काइल टॅब्लेट छातीशी धरून, दुसऱ्या बाजूला वंदना आणि मी. कोच टॉलिव्हर स्वतःचा सूट घालून आला होता. तो माझ्याकडे इस्त्रीला आला नव्हता, हे कॉलरवरून कळत होतं.

"काइलने तुम्हाला नव्वदला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मोजण्यात माझी चूक झाली."

"कशी?"

त्याने टेबलाकडे बघितलं. माझ्याकडे नाही, हे मी शपथेवर सांगतो. मी त्याच्या नजरेची वाट बघत होतो. बघितलं असतं तर मी उठलो असतो, भांडलो असतो, सगळं बाहेर आलं असतं.

"वय झालं," तो म्हणाला.

बाईंना तेच हवं होतं. मग त्या आमच्याकडे वळल्या. "मिस्टर मेश्राम, तुम्हाला काही बोलायचं आहे?"

"नाही."

पार्किंगमध्ये वंदना म्हणाली, "तू? आणि गप्प? बरं वाटत नाहीये का तुला?"

त्याचा करार पुढे वाढवला गेला नाही.

जूनमध्ये लॉन्ड्रीत कोचचा फोन आला. "संघाचे शेवटचे कपडे आहेत. तुम्ही स्वतः याल का?" मी ट्रॉली घेऊन गेलो. मैदान हिरवंगार आणि रिकामं होतं. मधोमध दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसला होता.

मीही वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. चालत जायला फार वेळ लागला.

"बसा, मिस्टर मेश्राम."

या वेळी मी बसलो. त्याने निळी पिशवी काढली आणि माझ्या हातावर उलटी केली. पंधरा राजमे.

"रूथचे मी घरी ठेवलेत. हे तुमचे."

"केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. बोटांना कळलं नव्हतं. बाहेर काढले तर ठिपके नव्हते."

मी उठून उभा राहिलो. "मग बोलला का नाहीत? त्या बाईसमोर माझं नाव घ्यायचं होतं! मी तिथेच बसलो होतो! कॉरिडॉरमध्ये मी तुमच्यावर ओरडलो तेव्हा मारायचं होतं मला!" मी त्या रिकाम्या मैदानात ओरडत होतो, आणि तो मी दमेपर्यंत थांबला.

"बसा."

बसलो.

"ऐंशीनंतर त्याचा खांदा खाली आला होता," तो म्हणाला. "मला दिसत होतं. सव्वीस वर्षं मी दुसरं काय बघितलंय? काइलने येऊन सांगितलंसुद्धा. पण मला जिंकायचं होतं, आणि खिशात दाणे होते. मी खिशाचं ऐकलं. तुमचे पंधरा दाणे माझ्या सोयीचे होते." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमचं नाव घेतलं असतं तर मला माझं सांगावं लागलं नसतं."

"सुमेधला सांगितलंत?"

"माझं सांगितलं. त्याच्यासमोर बसून. तुमचं सांगितलेलं नाही. ते तुमचं आहे."

मी जितका वेळ बसेन तितका वेळ बसायची त्याची तयारी होती, हे मला कळत होतं. शेवटी मीच उठलो आणि खुर्ची मिटायला लागलो.

"ती राहू द्या," तो म्हणाला. "तुम्हाला लागेल. दुसरी तुमची तुम्ही विकत घ्या."

स्वतःची खुर्ची काखेत मारून तो निघाला. पिचर जिथे उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर थांबला. सुमेधच्या पायाने पडलेला खड्डा तिथे होता, की दुसऱ्या कुणाच्या, माहीत नाही. बुटाच्या टोकाने माती ओढून त्याने तो भरला, वर पाय दाबला. मग सामानाच्या खोलीपाशी गेला, दारातला चांदीचा कप पायाने बाजूला सरकवला. दार आपोआप लागलं. ते बंद असलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. कप गवतात आडवा पडून राहिला, आणि तो मागे न बघता गाडीकडे गेला.

तो आता बहिणीकडे मिशिगनला राहतो म्हणतात. सुमेध त्याच्याशी फोनवर बोलतो. माझ्याशी फारसं नाही, पण ते आधीपासूनच. तो दूर फ्रिस्को नावाच्या शहरात नोकरी करतो, येतो तेव्हा विमानतळावर बॅग डाव्या हाताने उचलतो. हात बरा आहे म्हणतो. पिचिंग सोडलं.

सुमेधला मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणूनच एवढं सगळं मी मराठीत लिहून काढू शकलो. हीसुद्धा माझी चलाखीच.

ती खुर्ची दोन वर्षं लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून होती. गेल्या शनिवारी शेजारच्या गल्लीत एका घराने जुनं सामान अंगणात विकायला काढलं होतं. त्यात तशीच एक घडीची खुर्ची होती, एका पायाला गंज चढलेला. बाईने किंमत सांगितली. फार होती. मी दिली आणि खुर्ची उचलून घरी आलो.

दोन्ही मागच्या अंगणात उघडून ठेवल्या आहेत, कुंपणापासून लांब, मधोमध. वंदनाने विचारलं, कोण येतंय. सुमेध येतो आहे, रविवारी.